वर्दी शिवणाऱ्याची बायको

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं वाल सोलत बसलेलो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साल सैल होतं. दोन बोटांत धरून दाबायचं, दाणा टुपकन ताटात. माझा पडायचा. शकूचा एकही सरळ ताटात पडला नाही. एक टीव्हीखाली गेला, एक माझ्या चष्म्यावर बसला. नोकरीत होती तेव्हा स्वयंपाकघरात ती पाहुण्यासारखी यायची. रिटायर झाल्यावर हौसेनं मदतीला बसायची, आणि ती बसली की मला दुप्पट काम.

"चोर पण असेच निसटायचे का गं?" मी बोललो.

"चोराला साल नसतं," ती बोलली. "आणि तेव्हा शेजारी बसून कोणी टोमणे मारत नसायचं."

ताट भरत आलं तशी ती उठली. "अहो, मी जरा पडते. चहाला उठवा." मी राहिलेले वाल सोलले, टीव्हीखालचा दाणा झाडूनं काढला, चहा टाकला. उठवायला गेलो, ती उठली नाही. डॉक्टर आले, बोलले झोपेतच गेल्या. मी त्यांना चहा दिला. तो तिच्या कपातला होता हे नंतर लक्षात आलं.

आता हा दिवाळी अंक काढणारे आमच्या कॉम्प्लेक्समधले गृहस्थ घरी आले आणि बोलले, मॅडमच्या कारकिर्दीवर लिहा. मी सातवी शिकलेला टेलर. कारकीर्द म्हणजे कुठून कुठवर, ते मी एका ओळीत सांगतो. शकुंतला बाळाराम म्हात्रे शिपाई म्हणून भरती झाली, खात्याच्या परीक्षा देत देत वर गेली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून रिटायर झाली. झालं. मधलं खात्याला माहीत. मला माहीत आहेत ते तिचे कपडे. तिची पॅन्ट-शर्टाची प्रत्येक वर्दी मी शिवली. तेव्हा मी कपड्यांचंच लिहितो. त्यातून बाई किती दिसेल ते मला सांगता येत नाही. मला स्वतःलाच ती किती दिसली, त्याचा आता घोळ झालाय.

माझे वडील कोलशेतला मिठागरात कामाला होते. घर बाळकुमला. त्या घराच्या जागी आता टॉवर आहे आणि आम्ही त्याच टॉवरमध्ये वर राहतो. आमची चूल नेमकी कुठे होती ते सांगता येत नाही. लिफ्टच्या आसपास असावी. मिठात पाय फुटतात म्हणून आईनं मला ठाण्यात पोलीस लाईनीसमोरच्या एका मास्तरांच्या हाताखाली घातलं. मास्तर फक्त वर्दी शिवायचे. मी पण तेवढंच शिकलो. पुढे त्यांचंच दुकान मी चालवायला घेतलं. लाईनीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांत ही एक होती, जमलं, लग्न केलं. तेव्हा मी कमावता टेलर आणि ती साधी शिपाई. आक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, तेव्हा बोललेली, "पोरगी बरी हाय, पन हिला लाटनं धरता येल का, दांडकाच धरील?"

बाहेरच्या माणसाला वाटतं खाकी म्हणजे खाकी. तसं नसतं. प्रत्येक ताग्याची खाकी थोडी वेगळी असते. शर्ट एका ताग्याचा आणि पॅन्ट दुसऱ्या ताग्याची झाली, तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. परेडच्या उन्हात कळतं, आणि साहेबांची बोलणी त्या गरीब शिपायाला बसतात. म्हणून जोड एकाच ताग्यातून कापायचा. खांद्याची पट्टी कडक पाहिजे, नाहीतर स्टारच्या वजनानं पडते. खिशाची घडी मधोमध पाहिजे, अर्धी बाही कोपराला टेकली पाहिजे. साधा शर्ट थोडा चुकला तर माणूस घालतो. वर्दी चुकली तर माणूस चुकल्यासारखा दिसतो.

बढती मिळाली की पहिली टेलरला कळते. हवालदाराच्या बाहीवरच्या फिती उतरतात आणि खांद्यावर स्टार येतात. दोन स्टार, मग तीन, आणि स्टारखाली रंगीत फीत. तिचे स्टार मी लावत गेलो. सहायक आयुक्त झाली तेव्हा वर्दी घेऊन आली आणि बोलली, "फीत काढा."

"काढू? बढती मिळाली ना?"

"मिळाली म्हणूनच. एसीपीला फीत नसते."

मी उसवायला बसलो, पण डोक्यात बसेना. एवढ्या वर्षांनी बाई वर गेली आणि हातात काय, तर एक पट्टी कमी. ती हसली. "वर गेलं की कमीच होतं," बोलली. कशाबद्दल बोलली ते मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती. ती कामाचं घरी सांगायची नाही आणि मी विचारायचो नाही. मला वाटायचं, मला गरजच नाही. मला वर्दी सांगते.

आणि सांगायची. कोलशेतच्या खाडीत बुडालेलं कोणी मिळालं की पॅन्ट पोटरीपर्यंत काळ्या चिखलाची. त्या दिवशी जेवायला ताटावर बसायची आणि उठायची. कल्याणला विसर्जनाचा बंदोबस्त असला की पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा, पण पाण्याची बाटली भरलेली तशीच. पाणी का नाही प्यायलीस विचारलं तर बोलली, "जायचं कुठे?" मी पुरुष माणूस, मला ते कळायला दोन विसर्जनं लागली.

एकदा अख्खा शर्ट तिखटानं लाल. धुताना माझे हात पेटले. तेव्हा मात्र विचारलं. कल्याणजवळ मोहने गावात एका बाईनं नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन पोरांसकट स्वतःला कोंडून घेतलेलं. रॉकेलचा डबा जवळ. कोणी दार ढकललं की फटीतून मूठभर तिखट. बाहेर गर्दी, पोलीस, नातेवाईक, सगळे ओरडतायत. शकू दाराशी गेली, तिनं पण तिखट खाल्लं.

"मग तू काय बोललीस तिला?"

"काय बोलणार? मला ठसका लागलेला. बोलले, बाई, पाणी दे."

"आणि?"

"दिलं ना. दार उघडून दिलं."

बस. एवढंच सांगितलं. ही गोष्ट मी दुकानात किती जणांना सांगितली असेल. पण सांगताना मी थोडी वाढवायचो. मॅडमनी खांद्यानं दार तोडलं असं बोलायचो. पाणी मागितलं हे सांगायला बरं वाटायचं नाही. आता वाटतं खरं तेच सांगायला पाहिजे होतं. का तेव्हा वाटलं नाही, ते कळत नाही.

आता तोतयाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आलं.

एक गोरा, नीट भांग पाडलेला माणूस दुकानात आला. फौजदार आहे, बदली होऊन आलोय, दोन जोड पाहिजेत. खिशातून कार्ड काढून दाखवलं. बोलायला गोड. मी शिवून दिले. अंगावर असा बसला ड्रेस की मीच दोन पावलं मागे जाऊन बघितलं. काही दिवसांनी डोंबिवलीत म्हाताऱ्या बायकांना थांबवणारा एक फौजदार सापडला. "आजी, पुढे मर्डर झालाय, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा." रुमाल बांधून द्यायचा, आजी घरी जाऊन सोडते तर आत खडे. त्याला धरला तेव्हा अंगावर वर्दी, आणि कॉलरच्या आत माझ्या दुकानाचं लेबल.

तेव्हा शकू डोंबिवलीला इन्स्पेक्टर होती.

भर सकाळी दुकानासमोर जीप थांबली. ती उतरली. टोपी डोक्यावर. मागे एक फौजदार, दोन शिपाई. मी कापत होतो. म्हटलं, आज बाई डबा विसरली.

"दुकानाचे मालक कोण?"

मी हसलो. "चहा सांगू का?"

"मालक कोण?"

"मी."

"नाव?"

शिपाई खाली बघायला लागले. "शकू, काय चाललंय तुझं?"

"नाव सांगा. पूर्ण."

"बाळाराम गोविंद म्हात्रे."

"वय?"

"आता वय पण तुला मी सांगू?"

"वय?"

सांगितलं. तिनं मग फौजदाराकडे वळून सांगितलं, "पुढचा जबाब तुम्ही घ्या. मी घेऊ शकत नाही. हे माझे मिस्टर आहेत." आणि जीपमध्ये जाऊन बसली. फौजदार बिचारा मला खुर्ची देत होता, माझ्याच दुकानात.

घरात पण ती मला तुम्हीच म्हणायची. पण त्या दिवशीचा तुम्ही वेगळा होता. त्याच्या आधी अहो नव्हतं. संध्याकाळी मी स्वयंपाक केला आणि बोललो नाही. ती जेवायला बसली. "भाजीत मीठ कमी आहे."

"हे साहेब बोलतायत का शकू?"

"शकू. साहेब डब्यातलं खातात."

मला हसू आलं, पण मी दाबलं. जेवण झाल्यावर बोलली, "चूक तुमची नाही. कार्ड खोटं होतं. पण यापुढे नुसतं कार्ड बघायचं नाही. ज्या पोलीस ठाण्याचं नाव सांगतो तिथे फोन लावायचा. ओळखीचा असला तरी. तुमच्या हातची वर्दी घातली की लोक मान खाली घालतात. ती चुकीच्या माणसाच्या अंगावर गेली तर ज्याची म्हातारी लुटली, तो काय बोलेल?"

"माझा सख्खा भाऊ आला तरी?"

"तरी."

"तू आलीस तरी?"

"मी आले तरी," ती बोलली आणि ताट उचललं.

त्या दिवसापासून मी तसंच केलं. मोठमोठे साहेब चिडले, "बाळाराम, मला ओळखत नाहीस?" मी कार्ड घेऊन आधी फोन लावायचो. ती स्वतः वर्दी टाकायला आली की मुद्दाम कार्ड काढून कटिंगच्या टेबलावर आपटायची. मी पण मुद्दाम उलटंपालटं करून बघायचो. फोटो बघून बोलायचो, "ह्यातल्या बाई जरा बऱ्या दिसतात."

आता परत त्या संध्याकाळवर येतो.

शकू गेल्यावर घर भरलं. मुलगा नितीन बंगळूरला, तो सकाळच्या विमानानं येणार, म्हणून मयत ठेवतात ती गारठ्याची पेटी आणली आणि तिला हॉलमध्ये ठेवली. कोलशेतहून आक्का आली. डोंबिवलीहून सुमन आली. सुमन हवालदार म्हणून रिटायर झालेली, शकूच्या हाताखाली जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे ती होती. शेजारी बसलेले, कोणी काही बोलेना, म्हणून मीच बोलायला लागलो. मला गप्प बसवत नाही. मी सांगायला लागलो की मॅडम किती दांडग्या होत्या. शर्टाचं वरून दुसरं बटण कायम तुटलेलं यायचं. झटापटीत. गुंड छातीकडे हात घालतात, कॉलर धरतात, तिथलंच बटण जातं. किती वेळा लावून दिलं असेल.

सुमन रडता रडता थांबली. "झटापट कसली भाऊजी?"

"बटण तुटायचं ना."

"मॅडम स्वतःच तोडायच्या. समोर एखादी बाई जबाब द्यायला बसली ना, मुलगी गेलेली, नाहीतर तसलं काही झालेलं, की मॅडमचा हात बटणावर. पिळत बसायच्या. बाई बोलून होईपर्यंत. चेहरा दगडासारखा आणि हात तिथे. आम्ही बघायचो, कधी तुटतंय."

 मला वाटलेलं, वर्दी मला सगळं सांगते. ती काय सांगत होती आणि मी काय ऐकत होतो? आणि मी दोरा डबल करायचो. तुटू नये म्हणून. तिला तर ते तुटायला पाहिजे होतं की काय, कुणास ठाऊक.

"मी लोकांना गुंड सांगत राहिलो गं सुमन."

"बरं केलंत. गुंड घाबरून होते," ती बोलली आणि परत रडायला लागली.

तेवढ्यात आक्कानं विषय काढला. उद्या हिला नेसवायचं काय. आक्काच्या हातात हिरवी साडी होती, येताना घेऊनच आलेली. "सवाष्न बाई गेली. हिरवी साडी, हिरवा चुडा, कपालभर कुकू. आपल्यात असाच जातं."

नितीनचा फोन चालू होता, स्पीकरवर. तो बोलला, "आत्या, आईला वर्दीत न्यायचं. ती जन्मभर वर्दीत होती. लोक सलामी द्यायला येणार, तिथे साडी?"

"अरं, खाकी घालून कोन बाई जाते का? वरती इचारतील, ही बाई हाय का हवालदार?"

"एसीपी होती आत्या ती!"

"आसंल. माज्या भावाची बायको पन व्हती."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे कशाला बघता? मला काय माहीत? बाई कधी बोलली नाही. वाल सोलताना बोलली असती तर मी ऐकलं असतं. हिरव्यात बघावं तर लग्नातली शकू दिसते, ती मला माझी वाटते. खाकीत बघावं तर जिची लोकांनी वाट बघितली ती बाई दिसते, आणि ती पण मीच शिवलेली. एकीला घरात ठेवून दुसरीला जाळायला न्यायचं, असं काहीतरी माझ्या डोक्यात फिरायला लागलं. मी उठलो आणि कपाट उघडलं. निदान वर्दी बघू म्हटलं. रिटायर झाली त्या दिवशी कव्हरमध्ये घालून ठेवलेली. चेन उघडली. आत रेनकोट.

रेनकोट कशाला? मी दुसरी कव्हरं काढली, खालचे कप्पे काढले.

"भाऊजी," सुमन मागून आली. "ती तिथे नाहीये."

"मग कुठंय?"

"माझ्या पोरीकडे. तिची फौजदार म्हणून निवड झाली ना, तेव्हा मॅडमनी दिली. पहिल्या दिवशी तीच घालून गेली ती."

"तुझ्या पोरीला कशी बसेल? तिचा खांदा एवढासा. उतरेल."

"आल्टर केली."

"कोणी?"

सुमन रेनकोटच्या कव्हरची चेन लावायला लागली.

"कोणी केली, सुमन?"

"डोंबिवलीत एक आहे. स्टेशनजवळ."

बाहेर हॉलमध्ये बायको पेटीत झोपलेली आणि मला त्या डोंबिवलीच्या टेलरचा राग आला. खोटं कशाला लिहू? रडू नंतर आलं, राग आधी आला. "खांदा कुठून घेतला त्यानं? बाही उसवून मुंढा खोलला की नुसती पाठीत टीप मारली?"

"मला काय माहीत, भाऊजी!"

"मला का नाही सांगितलं? मी काय मेलेलो?"

"मी बोललेले मॅडमना. तर बोलल्या, हे उसवून देतील गं, पण मग दोन दिवस जेवणार नाहीत. आणि मला शिजवावं लागेल."

मी पलंगावर बसलो. हसावं की काय करावं ते कळेना. माणूस इतकं ओळखून असतो आणि तरी लपवतो. की ओळखून असतो म्हणूनच लपवतो? अजून माझा निकाल लागलेला नाही.

फोनवर नितीनला सगळं ऐकू गेलेलं. तो बोलला, "बाबा, मग नवीन शिवा. दुकानात कापड आहे. तुम्ही सकाळपर्यंत शिवाल, तुमच्यासारखं कोण शिवणार?"

शिवलं असतं. डोळे मिटून शिवलं असतं. तिचा जोड माझ्या हातात आहे. मी चपला घालायला उठलो सुद्धा. दारापर्यंत गेलो. तिथे थांबलो. मला तिचं ते बोलणं आठवलं. मी आले तरी.

"नितीन, नाही शिवता येणार."

"का?"

"तिचं कार्ड नाही."

"काय नाही?"

"कार्ड. रिटायर झाली तेव्हा जमा केलं. कार्डाशिवाय मी वर्दी शिवत नाही."

 तो बोलला, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"नाही," मी बोललो. "पण शिवणार नाही."

सुमननं तोंडाला पदर लावला. तिला कळलं. तोतयाच्या वेळी जीपमधून आलेल्या दोन शिपायांत ती होती. ती नितीनला बोलली, "भाऊजींचं बरोबर आहे रे. मॅडमनीच नियम लावलेला. सलामी द्यायला आम्ही येणारच आहोत. साडीला पण देऊ, काही बिघडत नाही."

आक्काला वाटलं ती जिंकली. तिनं साडी उलगडली, आतून ब्लाऊजचा पीस पडला. सुमननं कपाटातले शकूचे ब्लाऊज काढून बघितले. एकही होईना. तिची वर्षभर औषधं चालू होती, त्यांनी शेवटी शेवटी अंग सुजलेलं, दंड भरलेले. घरात ती गाऊनवरच असायची, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"पाठीत कापून घालू," आक्का बोलली. "सगले तसाच करतात. पदराखाली कोन बघतंय?"

"मी टेलर आहे," मी बोललो. "माझी बायको फाटक्या पाठीनं जाणार नाही."

"तू कदी बाईची चोली शिवलीस का रं?"

नव्हती शिवली. खरंच नव्हती. सुरुवातीला पोलीस बायकांना खाकी साडी होती, तेव्हा त्यांचे ब्लाऊज लाईनीतली एक बाई शिवायची. मी पॅन्ट-शर्टवाला. घरातले कपडे शकू कुठून शिवून घ्यायची तेही मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली. घरातल्या मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, खिडकी उघडली. टेप घेऊन हॉलमध्ये गेलो. सुमनला सांगितलं, झाकण काढ. बाकीच्या बायकांना आत पाठवलं.

मी शकूला टेप लावायची ही पहिलीच वेळ. वाचणाऱ्याला खोटं वाटेल. पहिल्यांदा पॅन्ट शिवायला दुकानात आली तेव्हा तिनं माप घेऊ दिलं नाही. लाजली. भावाची पॅन्ट आणून टेबलावर टाकली, "ह्याच्यावरून घ्या." ती पॅन्ट कमरेत एवढी मोठी की मी विचारलं, "तुमचा भाऊ काय पैलवान आहे?" त्याच्यावर ती हसली आणि पुढचं सगळं झालं. पण त्यानंतर प्रत्येक वर्दीचं माप मी आधीच्या वर्दीवरून घेतलं. लग्नाच्या बायकोला टेप लावायचं कधी कामच पडलं नाही.

छाती घेतली, कंबर घेतली. दंडाला टेप गुंडाळला तेव्हा माझाच हात थंड पडला. "जरा हात वर कर," असं तोंडातून गेलं. सवय. सुमननं तिकडे तोंड फिरवलं आणि हात उचलून धरला. मी माप लिहून नाही घेतलं. परत कोणाला लागणार आहे?

ब्लाऊज कसा कापतात ते सुमन सांगत होती, मी कापत होतो. टक्स कुठे घालायचे तिथे चुकलो, उसवलं, परत घातलं. गळा गोल काढायचा हाताला वळण नाही, माझा हात कॉलरला जायचा. मशीन चालू असताना नितीन आला. बॅग हातातच. आधी आईकडे गेला, तिथे किती वेळ उभा होता मी बघितलं नाही. मग माझ्याकडे आला.

"बाबा, हे काय करताय?"

"बस. एकेक हूक दे."

तो खाली बसला. एवढा मोठा माणूस, बोटांना हूक सापडेना. एक द्यायचा, मी लावायचो.  खाली गाड्यांचे आवाज यायला लागले, लोक जमत होते, कोणीतरी वर येऊन विचारून गेलं किती वेळ आहे. मी बोललो इस्त्री व्हायचीय.

इस्त्री केली. बाहीची घडी बसवली. आक्काच्या हातात दिलं. तिनं वर धरून बघितलं, "हात लांब झालं रं बालाराम. कोपरापर्यंत आलं. ह्यो काय सदरा हाय?"

"राहू दे. तिला तेवढीच बाही लागते."

बायका तिला पेटीतून उचलून आत घेऊन गेल्या. दार लावलं. मी बाहेर उभा राहिलो, टेप गळ्यातच राहिलेला. नितीन शेजारी. आतून बांगड्यांचा आवाज आला, पाण्याचा आला, कोणीतरी हुंदका दिला. मग बराच वेळ काही नाही. मी टेपचं टोक बोटाला गुंडाळत होतो, सोडत होतो. कपडा दिला की गिऱ्हाईक पडद्याआड घालून बघतं, तोपर्यंत टेलरचं असंच होतं. पण गिऱ्हाईक बाहेर येतं.

दार थोडं उघडलं. आक्का डोळे पुसत होती.

"बसला रं," ती बोलली. "बरोबर बसला."